नगरचा स्पाइक मिलिगन आणि कवायतीतला येडेपणा

तिरकस_रेघ (धागाकर्ता) :

ब्रिटिश विनोदाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट मॉन्टी पायथन या टीव्हीवर गाजलेल्या विनोदी मंडळीपाशी जाऊन थांबते. ती मंडळी स्वतः ज्याच्याकडे बोट दाखवायची तो माणूस आपल्या नगरात जन्मला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. टेरेन्स ॲलन मिलिगन ऊर्फ स्पाइक. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर). वडील लिओ आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत. आई फ्लॉरेन्स इंग्रज. बालपण पुण्यात, शाळा कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी, मग रंगून. आईबाप दोघंही फौजेच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत हौसेने गाणीबजावणी करायचे, त्यामुळे रंगमंच घरातच होता.

तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला फौजेत कपात झाली, लिओची नोकरी गेली आणि कुटुंब आग्नेय लंडनमध्ये येऊन पडलं. इथे नोकरचाकर, मोकळी मैदानं, ऊन. तिथे धूर, थंडी आणि भाड्याच्या खोल्या. पोरगा मिळेल ती कामं करत राहिला आणि रात्री जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत राहिला. 'स्पाइक' हे नावही त्याने अमेरिकन बँडवाल्या स्पाइक जोन्सवरून उचललं असं सांगतात.

त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण 'वेडा पण अलौकिक' असा शिक्का मारून मोकळे होतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा. माझ्या मते त्याच्या विनोदात वेड कमी आणि कवायत जास्त आहे. हुकूम बिनडोक असला तरी तो काटेकोर पाळायचा, ही पलटणीतली रीत त्याने जन्मापासून पाहिली होती. पुढे तीच त्याने रेडिओवर आणली.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात सिग्नलर, म्हणजे संदेश पोचवणारा, होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिलला त्यांची तुकडी. तोफा ९.२ इंची, पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातल्या, आणि गोळे नाहीत. सराव तर झाला पाहिजे. मग तोफेची सगळी हालचाल नियमाप्रमाणे करायची आणि शेवटी सगळ्या जवानांनी एकसुरात ओरडायचं, 'धडाम!' हे त्याने आपल्या युद्ध-आठवणींत लिहिलंय. आता सांगा, यात कल्पनाशक्तीने भर घालायला जागा कुठे उरली?

उत्तर आफ्रिकेत त्यांची एक अवजड तोफ सुटून कड्यावरून खाली गेली. खाली दुसऱ्या तुकडीचा तंबू होता. मिलिगन तंबूत डोकावून विचारतो, 'कुणी तोफ पाहिली का?' आतून उत्तर येतं, 'कुठल्या रंगाची?' उत्तर देणारा हॅरी सिकम. पुढे दोघांनी मिळून जो कार्यक्रम गाजवला त्याची संवादाची पट्टी इथेच लागली म्हणायची.

जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, मोंटे कॅसिनोच्या लढाईत, तो तोफगोळ्याने जखमी झाला. जखम पायाची, पण मोडलं डोकं. रडू आवरेना, बोलताना अडखळू लागला. वरिष्ठाने त्याची लान्स बॉम्बार्डियर या तोफखान्यातल्या कनिष्ठ हुद्द्याची फीत काढून घेतली. मग इस्पितळं, मागच्या फळीतली कामं, आणि तिथेच बिल हॉल ट्रायो नावाच्या त्रिकुटात गिटार. युद्ध संपल्यावर लंडनच्या ग्राफ्टन आर्म्स या पबमध्ये सिकम, पीटर सेलर्स, मायकेल बेंटीन आणि हा असे चौघे जमू लागले. पबचा मालक जिमी ग्राफ्टन स्वतः विनोदी लेखक. २८ मे १९५१ ला बीबीसीवर 'क्रेझी पीपल' नावाने पहिला भाग वाजला. तोच पुढे 'द गून शो' झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. दोनशेच्या वर भाग, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे मिलिगनची लेखणी.

एक नमुना देतो, १९५७ सालचा. ब्लूबॉटल (सेलर्स) एकल्सला (मिलिगन) विचारतो, किती वाजले? एकल्स म्हणतो, थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेलं आहे. आठ. सकाळी एका भल्या माणसाने लिहून दिलं. ब्लूबॉटल विचारतो, पण आठ वाजलेले नसताना कुणी वेळ विचारली तर? तर मी कागद दाखवत नाही. बरं, आणि आठ वाजले हे तुला कळतं कसं? कागदावर लिहिलंय की! यावर ब्लूबॉटल हसत नाही, वाद घालत नाही. त्याला हेवा वाटतो. आपल्यालाही असा वेळ लिहिलेला कागद परवडला असता तर! मग तो कागद कानाला लावून बघतो आणि सांगतो, हा बंद पडलाय. एकल्सला धक्का बसतो. फसवलं आपल्याला, बनावट माल गळ्यात मारला!

या दोघांपैकी एकानेही जरा डोळा मारला असता, तर सगळा डोलारा कोसळला असता.

बोरूबहाद्दर :

वाखूसा (वाचनखूण साठवली). कागदाच्या किश्श्यावर कार्यालयात एकटाच हसत बसलोय, शेजारचे बघतायत.

रेडिओवेडा :

उत्तम धागा. पण लेखकाबद्दल बोलताना कानाकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून थोडी भर.

गून शो मध्ये आवाज हे पात्र होतं. तोवर रेडिओवर ध्वनिपरिणाम म्हणजे दार उघडलं, पावलं वाजली, घोडा गेला. मिलिगनने विचारलं की पाऊल वाजतच लांब लांब जात राहिलं, मैलभर गेलं, मग परत आलं, आणि एवढं करून त्या माणसाचं काम फक्त 'नाही' म्हणायचं असेल तर? असले आवाज तो संहितेत लिहायचा आणि तंत्रज्ञांच्या डोक्यावर बसून करवून घ्यायचा. १९५८ मध्ये बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप ही इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणारी शाखा सुरू झाली, तेव्हा तिथल्या सुरुवातीच्या कामांत मेजर ब्लडनॉकच्या पोटातला गडगडाट होता. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचं बिघडलेलं पोट मानाने बसलंय.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्याला काहीतरी लिबलिबीत आदळल्याचा आवाज हवा होता. बीबीसीच्या कॅन्टीनमध्ये जाऊन त्याने कस्टर्ड मागितलं. तिथल्या बायकांना वाटलं बिचाऱ्याचं पोट दुखतंय, त्यांनी मायेने ताजं करून दिलं. याने पायातला मोजा काढला, कस्टर्ड त्यात ओतलं, स्टुडिओत आणून गरगर फिरवला आणि मायक्रोफोनसमोर फळीवर हाणला. आणि म्हणे आवाज मनासारखा आलाच नाही.

किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण कार्यक्रमाचे भाग ऐकलेत तर कळतं की तो आवाजाच्या अर्ध्या सेकंदावर भांडणारा माणूस होता. 'मनात आलं ते केलं' असं त्यात काही नाही.

शंकासुर :

धागा वाचनीय आहे, तरी दोन शंका.

एक, याला अतिवास्तव वगैरे म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण काय? काट्याच्या अणीवर तीन गावं वसवून त्यातली दोन ओसाड आणि एक न वसलेलं ठेवणारी मंडळी आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेली. भारुडं घ्या, कूट अभंग घ्या. आपल्याला हे विलायतेहून शिकायची गरज नाही.

दोन, आणि ही खरी अडचण. हा गृहस्थ इथे जन्मला, इथल्या नोकरांच्या अंगाखांद्यावर वाढला, आणि पुढे तोंडाला तपकिरी रंग फासून आपल्याच बोलण्याची टर उडवत पैसे कमावले. गून शो मध्ये तो आणि सेलर्स मिळून लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन पात्रं करायचे, सगळी गंमत उच्चारांची. १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' नावाची मालिका आली, त्यात हा अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार. नाव केव्हिन ओ'ग्रेडी. नियामक मंडळाने सहा भागांत गुंडाळायला लावली. 'आपला नगरचा' म्हणून छाती फुगवण्याआधी हे पण सांगा.

तिरकस_रेघ :

@शंकासुर, कूट अभंगाचा मुद्दा झकास आहे. फरक मला असा दिसतो : कूटात आत काहीतरी दडवलेलं असतं. निरूपणकार उकल करून सांगतो, तीन गावं म्हणजे अमुक, तीन कुंभार म्हणजे तमुक, आणि आपण मान डोलावतो. मिलिगनच्या कागदावरच्या 'आठ'मागे काहीही दडलेलं नाही. तो खरोखर फक्त कागद आहे. उकल करायला बसलात तर हात हलवत परत याल. त्याचा कस लागतो तो आतल्या अर्थावर नाही, पुढच्या वाक्यावर. एक खोटं गृहीत धरलं की त्यानंतरचं प्रत्येक पाऊल प्रामाणिक हवं.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. 'करी अँड चिप्स' जॉनी स्पेटने लिहिली होती आणि कारखान्यातल्या गोऱ्यांचा वंशद्वेष उघडा पाडायचा असा दावा होता. पण प्रेक्षक नक्की कुणाला हसतोय हे लेखकाच्या हातात राहत नाही. सत्तरच्या दशकातल्या त्याच्या दूरचित्रवाणीवरच्या कामातही ही खोड आहे, आणि तिथे तर वर कसला सामाजिक हेतूचा मुलामाही नाही. आज ते बघवत नाही. त्याला हिंदुस्थानची ओढ होती, पुण्याच्या आठवणी तो म्हातारपणापर्यंत काढायचा हेही खरं. मात्र ती साहेबाच्या पोराची ओढ होती, मैदान आणि ऊन आठवणारी.

पानगळ :

शीर्षकातला 'येडेपणा' मला खटकला. या माणसाला आयुष्यभर द्विध्रुवीय विकार होता. १९५२ च्या अखेरीस तो कोसळला तो असा, की बटाटे सोलायची सुरी घेऊन शेजारी राहणाऱ्या सेलर्सच्या अंगावर गेला. मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. त्या काळात दुसऱ्यांनी संहिता लिहून कार्यक्रम चालू ठेवला. अशा माणसाबद्दल 'येडेपणा' म्हणताना जरा जपून.

आणि धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला माझं अनुमोदन आहे, मात्र वेगळ्या बाजूने. आजारामुळे प्रतिभा येते हे रम्य मत ज्यांनी घरात हा आजार पाहिलाय त्यांना विचारून बघा. नैराश्यात माणूस लिहीत नाही, दार लावून अंधारात पडून राहतो. मिलिगनही कित्येक दिवस खोलीबाहेर यायचा नाही. १९९३ मध्ये त्याने मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत नैराश्यावर पुस्तक केलं. प्रसिद्ध विनोदवीराने आपल्या आजाराबद्दल इतकं उघड बोलणं तेव्हा सोपं नव्हतं.

दर आठवड्याला अर्ध्या तासाची संहिता, तीही महिनोन् महिने. धडधाकट माणूसही मोडेल. मला तर उलट वाटतं, आजार नसता तर अजून लिहिलं असतं.

तिरकस_रेघ :

@पानगळ, शीर्षक राहू दे. येडेपणा हा एकल्सचा, मिलिगनचा नव्हे. आणि 'कवायतीतला' हे विशेषण त्यासाठीच लावलंय. बाकी प्रत्येक शब्दाशी सहमत. तुमचा प्रतिसाद मूळ लेखाला जोडायला हवा.

खालच्या_पट्टीत :

पायथनचा उल्लेख आलाय म्हणून. मार्च १९६९ मध्ये बीबीसी टू वर मिलिगनची 'क्यू ५' ही विनोदी मालिका सुरू झाली. पायथनचा पहिला भाग त्याच वर्षी ऑक्टोबरात. पायथनवाले तेव्हा डोकं खाजवत होते की नेहमीच्या विनोदी प्रहसनांना शेवटी जो ठोक फटका लागतो तो टाळायचा कसा. 'क्यू ५' पाहिल्यावर त्यांना दिसलं, हा बाबा ते करूनही बसला. प्रहसन मध्येच सोडून द्यायचं, दुसऱ्यात शिरायचं. टेरी जोन्सने हे मोकळेपणाने कबूल केलंय. पुढे त्यांनी 'क्यू ५'चा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यालाच बोलावून घेतलं.

क्यू मालिकांतलं मला सर्वात आवडणारं : नट कपडेपटातून आलेल्या वेशावरची चिठ्ठी तशीच लोंबती ठेवून वावरतात. आणि प्रहसन संपवायचं कसं हे सुचत नाही तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात, कॅमेऱ्याकडे एकेक पाऊल सरकत पुटपुटतात, 'आता काय करायचं?' हे सुचलं नाही म्हणून केलेलं आहे की सुचलं म्हणून, ते शेवटपर्यंत कळत नाही.

नाटकवाल्यांसाठी अजून एक. १९६४ मध्ये त्याने 'ओब्लोमोव्ह' या रशियन कादंबरीवरच्या नाटकात गंभीर भूमिका घेतली. सुरुवातीचे प्रयोग पडले. मग त्याने संहिता गुंडाळून ठेवली आणि रोज मंचावर मनाला येईल ते बोलू लागला. 'सन ऑफ ओब्लोमोव्ह' असं नवं नाव देऊन तेच नाटक वेस्ट एंडला धो धो चाललं. सहकलाकारांचे काय हाल झाले असतील!

रेडिओवेडा :

@खालच्या_पट्टीत +१. बीटल्सची तारही इथेच जोडलेली आहे. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन आधी सेलर्स आणि मिलिगनच्या विनोदी तबकड्या काढायचा. आणि १९५९ मध्ये रिचर्ड लेस्टरने मिलिगन-सेलर्सना घेऊन 'द रनिंग जंपिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म' हा अकरा मिनिटांचा लघुपट केला होता. तो बीटल्सना भारी आवडायचा, आणि त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा दिग्दर्शक लेस्टरच होता.

बोरूबहाद्दर :

एक भाबडा प्रश्न. इथे जन्मला, वडील आयरिश, आयुष्य लंडनला. मग तो नक्की कुठला?

तिरकस_रेघ :

@बोरूबहाद्दर, भाबडा कसला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विनोद हाच आहे.

ब्रिटिश फौजेतल्या बापाचा मुलगा, स्वतः ब्रिटिश फौजेत लढलेला, जखमी झालेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी कायदे आवळले, आणि हिंदुस्थानातला जन्म आडवा आला. पारपत्र हवं तर राजनिष्ठेची शपथ घ्या म्हणे. हा म्हणाला, युद्धात जे केलं ते काय होतं? शपथ घेतली नाही. वडील आयरिश असल्यामुळे आयर्लंडचं नागरिकत्व मिळत होतं, ते घेतलं आणि मरेपर्यंत आयरिशच राहिला. कागदावर आठ वाजलेत म्हणून आठ वाजलेत, हे सरकारी पातळीवर त्याच्यासोबत घडलं.

परिणाम असा की २००१ मध्ये नाइटहूड मिळालं तेही मानद. परदेशी नागरिक म्हणून नावामागे 'सर' लावायची मुभा नाही.

शंकासुर :

राजघराण्याशी मात्र चांगलं होतं ना? चार्ल्स त्याचा भक्त होता असं ऐकून आहे.

पानगळ :

होता. लहानपणापासून गून शो पाठ. १९९४ च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये मिलिगनला जीवनगौरव दिला, तेव्हा मंचावर चार्ल्सचं अभिनंदनाचं पत्र वाचून दाखवायला सुरुवात झाली. मिलिगनने मध्येच तोडून चार्ल्सला जी शिवी हासडली तिचा मथितार्थ 'लाळघोट्या हरामखोर' असा होतो. थेट प्रक्षेपण. सभागृह लोटपोट. नंतर त्याने राजपुत्राला फॅक्स पाठवून विचारलं म्हणे, आता नाइटहूडचं काही खरं नाही, नाही का?

या माणसाला भिडस्तपणाचं वावडंच होतं. १९७१ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत कलाकृती म्हणून माशांना विजेचा धक्का देऊन मारणार होते, तर हा हातोडा घेऊन गेला आणि गॅलरीची काच फोडली. आणि हाच माणूस केन्सिंग्टन गार्डन्समधल्या एल्फिन ओक या जुन्या कोरीव खोडावरच्या पऱ्या-बुटक्यांची रंगरंगोटी करायला तासन् तास बसायचा, लहान मुलांना बघायला मिळावं म्हणून.

चष्मेवाली_घूस :

मुलांवरून आठवलं. त्याच्या बालकवितांबद्दल कुणीच का बोलत नाहीये? 'सिली व्हर्स फॉर किड्स' १९५९ चं. त्यातली गायी, माकडं आणि चहाच्या किटल्यांची ती नादमय कविता १९९८ मध्ये ब्रिटनची सर्वात आवडती विनोदी कविता म्हणून निवडली गेली. मी ती माझ्या भाचीला वाचून दाखवते, तिला अजून इंग्रजी धड येत नाही, आणि तिला अडत काही नाही.

अवांतर : थडग्यावरचं वाक्य खरंच आहे का ते?

रेडिओवेडा :

खरं आहे. २७ फेब्रुवारी २००२ ला तो गेला, विंचेल्सीच्या सेंट थॉमस चर्चच्या आवारात पुरलं. त्याला दगडावर हवं होतं, 'सांगत होतो ना, मला बरं नाहीये.' चर्चच्या वरिष्ठांना इंग्रजीतून हे चालेना. तोडगा निघाला तो आयरिश भाषेचा. त्या भाषेत तेच वाक्य कोरायला हरकत नाही! म्हणजे मेल्यावरही नियमाप्रमाणेच सगळं पार पडलं.

सिकमसोबतची थट्टा तर त्याच्याही वरची. सिकम उत्तम गायक. २००१ मध्ये तो आधी गेला तेव्हा मिलिगन म्हणाला, बरं झालं, नाहीतर माझ्या अंत्यविधीला गायला असता. मिलिगनच्या स्मृतिसभेत मंडळींनी सिकमचं ध्वनिमुद्रण लावलं.

बोरूबहाद्दर :

आता ऐकायचंच. सुरुवात कुठून करू? पहिल्या भागापासून क्रमाने?

तिरकस_रेघ :

क्रमाने जाऊ नका, जाताही येणार नाही. सुरुवातीच्या मालिकांची ध्वनिमुद्रणं जवळपास शिल्लकच नाहीत. १९५४ ते ५६ मधले भाग धरा. 'द ड्रेडेड बॅटर-पुडिंग हर्लर' घ्या : युद्धकाळातलं बेक्सहिल, ब्लॅकआउट, आणि अंधारात कुणीतरी म्हाताऱ्या लोकांवर पुडिंग फेकून मारतंय. सीगून (सिकमचं पात्र) आरोपीच्या मागावर पार आफ्रिकेपर्यंत जातो आणि शेवटी मंडळी समुद्रात एका होडीत उपाशी अडकतात. खायला एकच गोष्ट आहे, ते पुडिंग. पण तो तर मुद्देमाल! आता खायचा की जपायचा? बेक्सहिल तेच, जिथे मिलिगन 'धडाम' ओरडत होता.

पहिल्यांदा ऐकताना अर्धं निसटतं, आवाज चिरके आणि वेग भन्नाट. मधली हार्मोनिका आणि रे एलिंग्टनची गाणी पुढे ढकलली तरी चालतील (रेडिओवेडा मला मारणार). संहितांचं पुस्तक १९७२ मध्ये निघालंय, मिळालं तर ते मांडीवर ठेवून ऐका. बीबीसीच्या रेडिओ फोर एक्स्ट्रावर जुने भाग लागत असतात.

रेडिओवेडा :

हार्मोनिका ढकलायची नाही. मॅक्स गेल्ड्रे वाजवतो तेवढ्या वेळात श्रोत्याला श्वास घेता येतो, आणि मिलिगनने ती जागा हिशेब करून सोडलेली आहे. गाणी एक वेळ ढकला.